नवऱ्याला नापास करणारी

कंपनीच्या माहितीपत्रकात छापलंय, की त्यांच्या यशाचं गमक म्हणजे मालाची कडक तपासणी. वाचणाऱ्याला वाटावं, काय जंगी यंत्रं आणली असतील! कसली यंत्रं आणि कसलं काय. पाण्याची एक टाकी होती आणि टाकीपाशी एक बाई होती. बाईच अशी होती की बरीच वर्षं यंत्राचं नावही कुणी काढलं नाही.

सुरुवातीला ही व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी म्हणजे बेकरीच्या मागची पत्र्याची शेड. मालक स्वतः लेथवर उभे राहायचे. व्हॉल्व्हच्या आत झडप जिथे टेकते त्या कडीला सीट म्हणतात. झडप आणि सीट खरखरीत पेस्ट लावून एकमेकांवर घासायची, इतकी की मधून हवासुद्धा जाता कामा नये. हे घासकाम एका तरण्या गड्याकडे होतं. हात चांगला, पण जीभ हाताच्या पुढे धावणारी. त्याचे व्हॉल्व्ह तपासायला मालकांनी आपला भाचा बसवला होता. दोघांची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. मग काय, "चालतंय रे" म्हणत सगळा माल पास!

एक दिवस कापड रंगवायच्या कारखान्यात असाच एक "चालतंय" व्हॉल्व्ह गळला आणि तिथल्या साहेबांचे पांढरे बूट निळे झाले. ते बूट हातात घेऊनच साहेब शेडवर आले. ते जे बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

ते गेल्यावर मालक त्या गड्याला म्हणाले, "खरं सांग, तुझ्या कामात खोट काढणारं या जगात कुणी आहे का?"

"आहे ना," तो बिचारा बोलून गेला, "बायको."

दुसऱ्या दिवशी मालक त्याच्या दारात हजर. बायको चादर वाळत घालत होती. मालकांनी नोकरीचं विचारलं. ती म्हणाली, "यांची चूक निघाली तर सांगायची, की झाकायची?"

"सांगायची. ओरडून सांगायची."

"मग येते," ती म्हणाली, आणि चादरीला चिमटा लावून आत गेली.

काम दिसायला सोपं. व्हॉल्व्ह बंद करायचा, एका तोंडाला हवेची नळी जोडायची, पाण्यात बुडवायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की व्हॉल्व्ह नापास. बिळापाशी मांजर बसतं तशी ती बसायची. मोहरीएवढा बुडबुडा डुलत डुलत वर आला, की शेडभर आवाज, "अहो, गळतोय!"

"अगं, पाण्यातलाच असेल एखादा."

"पाण्यातला असता तर एकदा आला असता. हा त्याच जागेवरून परत परत येतोय. घ्या, घासा पुन्हा."

तो चडफडायचा, कपाळावर हात मारायचा आणि पुन्हा घासायचा. त्या वर्षी एकही व्हॉल्व्ह तक्रार घेऊन परत आला नाही. निळ्या बुटांचे साहेब जातीने येऊन दुप्पट मालाची ऑर्डर देऊन गेले. लोकांना वाटलं, मालक हुशार. मालक म्हणायचे, "मी कसला हुशार? मी फक्त एका घरातलं भांडण कामाला लावलं."

अशी वर्षं गेली. शेडचा कारखाना झाला, काचेची केबिन आली, क्रेन आली, माल बोटीने परदेशी जाऊ लागला. म्हातारे मालक गेले आणि त्यांची मुलगी केबिनमध्ये बसू लागली. तिला सगळे ताई म्हणत. ताईंनी आल्याआल्या काट्यांचं, दिव्यांचं तपासणी यंत्र आणलं, पण टाकीला हात लावायची त्यांचीही छाती झाली नाही. नवी पोरं त्या दोघांना घासूकाका आणि टाकीकाकू म्हणायची. "अहो, गळतोय!" ऐकू आलं की सगळी पोरं फिदीफिदी हसायची.

आणि मग घासूकाकांचा हात थरथरायला लागला.

त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, सही करायची वेळ आली की चष्मा विसरला म्हणायचं. पण टाकीला कोण फसवणार? एका सकाळी काकूंनी पहिला व्हॉल्व्ह बुडवला, बुडबुडा. दुसरा, बुडबुडा. तिसऱ्याला तर माळच लागली. काकूंनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कारण गेल्याच महिन्यात ताईंनी माल रंगवणाऱ्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला घरी बसवलं होतं. त्याची नजर गेली होती. ताई वाईट नव्हत्या, हार घातला, खुर्ची भेट दिली. पण तो त्याच खुर्चीत दारासमोर बसून राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, आज कुठला माल निघाला? काकूंनी त्याला पाहिलं होतं. आपला माणूस असा बसलेला त्यांना बघवला नसता.

पण म्हणून गळका व्हॉल्व्ह पुढे ढकलायचा? छे! तो कुठल्या तरी वाफेच्या नळाला लागणार. आपल्या नवऱ्याची लाज राखायला दुसरीचा नवरा भाजू द्यायचा का? काकूंना स्वतःचाच राग आला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे आवारात पत्ते कुटायला गेले. काकूंनी डबा बाजूला सारला, पेस्टची डबी उघडली आणि टाकीमागे बसून नवऱ्याचे व्हॉल्व्ह घासायला घेतले. थोडं फिरवायचं, उचलायचं, पुन्हा फिरवायचं. शिकवलं कुणी नव्हतं. पण जन्मभर त्याच्या चुका बघितल्या होत्या, त्यामुळे कुठे दाब द्यायचा ते बोटांनाच कळायचं. तेव्हापासून काकू रोज उपाशीपोटी घासत राहिल्या.

कारखान्यात शांतता झाली. पोरांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. घासूकाका मात्र धास्तावले. जिने भर पंगतीत त्यांच्या शर्टाचं उलटं बटण दाखवलं होतं, ती बाई गप्प? एक तर आपण देव झालो, नाही तर हिने डोळे मिटले. आपण देव झालो नव्हतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस त्यांनी लेथवरून आलेला एक व्हॉल्व्ह अजिबात न घासता, खूण करून, आपल्या झालेल्या मालात सरकवून दिला.

काकूंनी तो सुट्टीत उघडला. आत कोरी, खरखरीत सीट. "आज तर घासायचंच विसरले हो," म्हणून त्यांचे डोळे भरून आले. पदराने डोळे पुसले आणि तो व्हॉल्व्ह त्यांनी मुळापासून घासला.

संध्याकाळी तो पास झालेल्या फळीवर दिसला, आणि घासूकाकांचा तोल सुटला.

"आंधळी झालीस का?" ते सगळ्यांसमोर ओरडले. "हा मी घासलाच नव्हता! मुद्दाम ठेवला होता! कंपनीचं नाव बुडवायला बसलीस का इथे?"

आवाज ऐकून ताई केबिनबाहेर आल्या. घासूकाकांनी तिथल्या तिथे पाना घेतला, दोन्ही हातांनी कसाबसा व्हॉल्व्ह उघडला आणि दिव्याखाली धरला. आत सीट आरशासारखी चमकत होती. तो आपला हात नाही, हे ओळखायला त्यांना काकूंकडे बघावं लागलं नाही.

"हे कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचा कप दोन्ही हातांत आला तेव्हापासून."

घासूकाका ताईंकडे वळले. "ताई, माझा हात गेला. घासायला हिला बसवा. माझ्यापेक्षा बरी घासते."

"आणि टाकीवर?"

"टाकीवर हात कशाला लागतो? डोळे शाबूत आहेत माझे."

ताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा बुवा, घरी जेवण मिळायचं नाही." पोरं हसली, पण ठरलं तसंच.

दुसऱ्या दिवशी काकूंचा पहिला व्हॉल्व्ह पाण्यात गेला. घासूकाका वाकून बसले. पाणी हललं नाही. त्यांनी व्हॉल्व्ह बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! काय सुंदर काम केलंयस!"

काकू एकदम घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. टाकीवरून असंही बोलता येतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या उठून त्यांच्याजवळ गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचेही सुंदर असायचे."

"कधी?"

"न गळणारे सगळे."

"मग एकदा तरी बोलायचंस की गं."

"कशी बोलणार?" काकू म्हणाल्या. "मला पगार गळके शोधायचा होता."