मुहर्रकचं वाऱ्याचं घर

इथं आखातात, जिदहफ्सच्या खोलीत माझ्यासोबत अकरा वर्षं राहिलेला सावंत व्हिसा रद्द करून कायमचा चिपळूणला गेला. पुढच्या शुक्रवारी मला खोलीत बसवेना. मी एसी दुरुस्त करतो. मुहर्रकला नुसत्या वाऱ्यावर थंड राहणारं जुनं घर आहे, असं ऐकून होतो. मनामात बस बदलून तिकडे निघालो.

पूल ओलांडल्यावर अरुंद गल्ल्या लागल्या. दोनदा चुकलो. मग घरांच्या वर चौकोनी बादगीर (वाऱ्याचा मनोरा) दिसला.

बाहेरून घर अगदी मिटलेलं, जाड भिंतींचं. आत मात्र चौकामागून चौक. भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या, छताला खारफुटीचे वासे. रखवालदार यूसुफचाचा बरी हिंदी बोलत. दारांचं सागवान पूर्वी हिंदुस्थानातून गलबतांनी यायचं, असं ते म्हणाले. मनोरा चारी बाजूंनी उघडा आणि आत फुलीसारख्या दोन भिंती. वारा कुठूनही आला तरी त्यांना अडतो आणि खालच्या खोलीत उतरतो. मी तिथं उभा राहिलो. मानेला गार वारा लागला. मोटारीची घरघर नाही, काही नाही.

माझं काम कळल्यावर चाचा जरा अडखळले. त्यांची आई मागच्याच गल्लीत राहते आणि तिचा एसी दोन दिवस थंड करत नाही, असं म्हणाले. संध्याकाळी कुलूप लावून ते मला घरी घेऊन गेले. फिल्टर धुळीनं बुजला होता, आत बर्फ साचला होता. फिल्टर धुतला आणि बर्फ वितळायची वाट बघत बसलो.

म्हातारीनं गहवा (वेलचीची कॉफी) आणि खजूर पुढं केले. तिचं लहानपण अशाच मनोऱ्याच्या घरात गेलेलं. उन्हाळ्यात चौदा माणसं एका खोलीत निजायची. मग एसी आले, ज्याची त्याची खोली झाली, दारं लागली. चाचा हिंदीत सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. अशी कितीतरी दारं माझ्या हातून लागली असतील.

एसी गार हवा देऊ लागला. मी उठलो, तशी ती काहीतरी बोलली. चाचा संकोचून म्हणाले, "ती म्हणते, थंड झालं म्हणून लगेच जाऊ नकोस. सगळे कारागीर जातात."

मी परत बसलो. चाचा नमाजाला गेले. तिला हिंदी येत नव्हती, मला कामापुरती अरबी. ती भिंतीवरचे फोटो दाखवत बोलत राहिली. मी मोबाईलमधली बायको आणि दहावीतली मुलगी दाखवली आणि कधी मराठीत बोलू लागलो, कळलंच नाही. ती मान डोलवत होती.

परतताना बसमध्ये घसा दुखायला लागला. आठवडाभरात मी इतकं बोललोच नव्हतो.