मिस्टर बंधू विरुद्ध मिस्टर दादा

प्रत्येक देसी घरात सिंकखालच्या कपाटात एक पिशवी असते, आणि त्या पिशवीत ग्रोसरीच्या रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या असतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण दार उघडलं की सगळ्या बदाबदा बाहेर पडतात. माझे किस्से तसेच आहेत. पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी म्हणायचा अवकाश, "वैशाली, तो जजचा किस्सा सांग ना यार!" की माझ्या ताटातली भाजी गार झालीच म्हणून समजा.

मी मूळची नागपूरची. लग्नाआधी तिथल्या जिल्हा कोर्टात दोन वर्षं काळा कोट घालून फिरले. मग नवऱ्यामागे ओहायोतल्या डब्लिनला आले, वर्क परमिटची वाट बघत पुष्कळ पोळ्या लाटल्या, आणि परमिट आल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनर म्हणून लागले. कंपनी कोर्टासाठी सॉफ्टवेअर बनवायची. केस दाखल करा, तारीख द्या, नोटीस काढा, ऑर्डर टाका, सगळं कॉम्प्युटरवर. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला युरोपातले बरेच देश ते घ्यायच्या विचारात होते, म्हणून तिकडचे जज आणि कोर्टाचा स्टाफ यांच्या बॅचेस आमच्याकडे ट्रेनिंगला यायच्या.

शिकवायला आम्ही दोघं. कायद्याचा भाग माझा, कॉम्प्युटरचा भाग मिलिंद परांजपेचा. मिलिंद सांगलीचा. माणूस हुशार, पण तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. आमची बॉस लिंडा त्याला "सनशाइन" म्हणायची!

* * *

आमच्या ट्रेनिंग रूममध्ये एक खोटं कोर्ट उभारलेलं होतं. उंचावर जजची खुर्ची, खाली क्लार्कचं टेबल, समोर आरोपीसाठी लाकडी कठडा. पहिल्या बॅचच्या पहिल्या दिवशी मिलिंदने त्या उंच खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि तो पाणी प्यायला गेला.

परत येतो तर लॅपटॉप खाली आणि खुर्चीत पोलंडचे एक वयस्कर जज! त्यांचा काहीच दोष नव्हता. तीस वर्षं ज्या माणसाने खोलीत शिरून थेट उंच खुर्ची गाठली, तो त्या दिवशी तरी दुसरीकडे कुठे बसणार?

त्यांना उठवायची हिंमत ना माझी, ना मिलिंदची. उरलेली एकच मोकळी जागा म्हणजे कठडा. मिलिंदने दिवसभर तिथे उभं राहून शिकवलं. जज मधूनमधून वरून मान हलवत होते, काहीतरी लिहून घेत होते.

संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये तो मला म्हणाला, "वैशाली, लंचनंतर मला सिरियसली वाटायला लागलं की मी काहीतरी केलंय!"

* * *

सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की एक करार समोर येतो. खाली "आय अॅग्री" असं बटण असतं. आपण सगळे डोळे मिटून ते दाबतो. ऑस्ट्रियाच्या एका बाईंनी दाबलं नाही. त्या जज होत्या. त्यांनी वाचायला घेतलं.

बाकीचे लॉगिन करून पुढे गेले, बाई पहिल्याच पानावर. बाकीचे जेवून आले, बाई तिथेच, पण आता शेजारी कागद घेऊन हरकती लिहीत होत्या. मी हळूच म्हटलं, "मॅडम, ते नुसतं क्लिक करायचं असतं."

"मला मान्य नाही, आणि मान्य नसताना मान्य आहे म्हणणाऱ्यांना मी शिक्षा देते," बाई म्हणाल्या.

शेवटी लिंडाने वरच्या मजल्यावरून कंपनीच्या वकिलाला बोलावलं. तो हसतहसत आला, बाईंशेजारी बसला. थोड्या वेळाने त्याचं हसू गेलं. जाताना तो आमच्या कानाशी येऊन पुटपुटला, "कुणाला सांगू नका, पण मी हे आज पहिल्यांदा पूर्ण वाचलं!"

* * *

प्रत्येक बॅचला एकदा आमच्या काउंटीचं खरं कोर्ट दाखवायला न्यायचं असे. एकदा मिलिंदने स्वतःहून दिवस ठरवला, स्वतःहून व्हॅन चालवली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हा माणूस स्वतःहून कॉफीसुद्धा आणत नाही!

कोर्टात शिरलो, बसलो, आणि पुकारा झाला, "मिलिंद परांजपे!"

पठ्ठ्याला स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं. वेगळी रजा टाकायला नको म्हणून त्याने तारीख आणि सहल एकाच दिवशी जुळवली होती. तो उठून पुढे गेला. त्याच्यामागोमाग आमची अख्खी बॅचही उठली, कारण त्यांना वाटलं की आता जवळून दाखवणार. गडद सुटातली बारा माणसं त्याच्या मागे गंभीर चेहऱ्याने उभी.

तिथल्या जजनी चष्म्यावरून बघितलं. "मिस्टर परांजपे, एका स्पीडिंग तिकिटासाठी इतके वकील?"

"नो, युअर ऑनर," मिलिंद म्हणाला, "हे सगळे जज आहेत."

दंड पूर्ण बसला. वर निकाल सांगून झाल्यावर जज म्हणाले, "ड्राइव्ह देम बॅक स्लोली!"

* * *

आता बंधू आणि दादांची केस.

शिकवायला एक नमुन्याचा खटला लागतो. ते काम मिलिंदचं होतं, आणि त्याने स्वतःच्या घरचंच भांडण टाइप करून टाकलं. त्याचे वडील पेटी वाजवायचे. गावातलं कुठलंही भजन त्यांच्या पेटीशिवाय होत नसे, आणि मिलिंद लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून शिकलेला. वडील आजारी पडले तेव्हा याचा व्हिसा अडकला होता, तो वेळेवर पोचू शकला नाही. नंतर गेला आणि निघताना थोरल्या भावाकडे पेटी मागितली. भाऊ म्हणाला, "बाबांना बघायला यायला जमलं नाही, पेटी न्यायला बरं जमतं?" झालं. त्यानंतर पाच-सहा वर्षं दोघांत एक शब्द नाही. हे सगळं मला त्याच्या बायकोने, माधवीने सांगितलेलं. तो स्वतः घरच्या गोष्टींवर कधी अक्षर बोलला नाही.

खटल्यात त्याने वादीचं नाव घातलं "बंधू" आणि प्रतिवादीचं "अनंत दादा". युरोपियन मंडळींना ती आडनावंच वाटायची. मिस्टर बंधू, मिस्टर दादा! पत्ता मात्र खराखुरा सांगलीचा. मी झापलं तर म्हणाला, "दुसरा कुठला पत्ता पाठच नाहीये मला."

जजना या केसवर फक्त बटणं दाबायला शिकायचं होतं. पण जज तो जज! प्रत्येक बॅच निकाल दिल्याशिवाय हलायची नाही. एस्टोनियाचे म्हणाले, ज्याच्याकडे वस्तू त्याची वस्तू. इटलीचे म्हणाले, सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, आणि मग त्यांच्यात आपसातच कडाक्याचं भांडण झालं. मिलिंद प्रत्येक बॅचनंतर बाहेर येऊन सांगायचा, "जिंकलो!" नाहीतर, "हरलो परत!" जिंकला तरी चेहऱ्यावरचं एरंडेल तसंच.

मला त्याची फार कीव यायची. इतक्या देशांत केस चालवली गड्याने, पण सांगलीला एक फोन लावला नाही.

* * *

आणि मग पोर्तुगालची बॅच आली, चांगली महिनाभरासाठी. त्यात जज इनेस होत्या, ठेंगण्याठुसक्या, पांढरे केस, रिटायरमेंटला आलेल्या. बरोबर त्यांच्याच कोर्टातली क्लार्क, मार्ता.

इनेसबाईंनी पहिल्याच आठवड्यात बंधू-दादांची केस वाचली आणि माउस बाजूला सारला. "मी एकाच भावाची बाजू वाचली. दुसऱ्याला ऐकल्याशिवाय मी काही करत नाही. नोटीस काढा."

मार्ताने नोटीस काढली. बॅचच्या शेवटच्या दिवसाची तारीख, सकाळी दहाची वेळ, वस्तूसह हजर राहावे, खाली ट्रेनिंग रूमचा फोन नंबर. प्रिंट काढली, पाकिटात घातली, पत्ता लिहिला. शिकायचं होतं ते एवढंच. पण मार्ता हाडाची कोर्टातली बाई. जाता जाता तिने ते पाकीट मेलरूमच्या ट्रेमध्ये टाकलं, आणि मेलरूमने इमानेइतबारे तिकीट लावून रवाना केलं! आम्हाला कुणालाच पत्ता नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ट्रेनिंग रूममधला फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो, कोर्ट का? मी अनंत परांजपे, सांगलीहून बोलतोय. नोटीस आलीय. इथे संध्याकाळचे साडेसात झालेत, वेळ बरोबर आहे ना?"

मिलिंद प्रोजेक्टरजवळ उभा होता. मी स्पीकर लावला. आवाज ऐकला आणि तो कठड्यात जाऊन उभा राहिला.

मी इनेसबाईंना सांगितलं, मिस्टर दादा हजर आहेत. बाईंनी जॅकेट सारखं केलं, उंच खुर्चीत जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू भाषांतर कर."

त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "ही नोटीस खरी आहे असं त्यांना वाटलं का?"

"छे हो," दादा म्हणाले. "वकिलांना दाखवली. ते म्हणाले, असलं कोर्टच नाही, फाडून टाका. पण पाकिटावर दादा लिहिलंय. मला दादा म्हणणारा जगात एकच आहे. म्हटलं, बोलावलंय तर हजर व्हावं."

"वस्तू कुठे आहे?"

"ही काय, समोर. भात्याचं कातडं गेल्या वर्षीच नवीन बसवलं."

"कोण वाजवतं?"

"कुणी नाही. मला कुठे येते? मिल्या वाजवायचा."

"मग इतकी वर्षं तुम्ही ती का ठेवून घेतली?"

दादा म्हणाले, "अहो, ती इथे असली तर न्यायला म्हणून तरी येईल ना तो!"

हे भाषांतर मला धड जमलं नाही. मार्ताने टिश्यूचा डबा आधी माझ्याकडे सरकवला, मग मिलिंदकडे.

"वादी हजर आहे का?" इनेसबाईंनी विचारलं.

मिलिंदने शाळेतल्यासारखा हात वर केला. तोंडातून शब्द एकच निघाला. "दादा..."

"मिल्या, अरे जेवलास का?" पलीकडून आवाज आला. सकाळचे दहा वाजले होते!

सगळी बॅच आता निकालासाठी खुर्चीकडे बघत होती. इनेसबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही केस एका दिवसात संपणारी नाही. पुढची तारीख रविवार, हीच वेळ. दोन्ही पक्षांनी हजर राहायचं. मार्ता, नोंद कर."

दुसऱ्या दिवशी बाई विमानात बसून लिस्बनला निघून गेल्या.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एकदा आम्ही सगळे रविवारी पिकनिकला निघालो होतो. गाडीत मुलं बसलेली, कूलर भरलेला, माधवी हॉर्नवर हॉर्न देतेय, आणि मिलिंद भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड हातात घेऊन घराच्या पायरीवर आरामात बसलेला.

"अरे, चल ना! दहा वाजले!" मी ओरडले.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "माझी तारीख आहे!"