शेगडी बाहेर काढा

कुणाच्याही घरी गेली की माझी थोरली बहीण आधी स्वयंपाकघर बघते आणि मग संडास. दोन्हींमधलं अंतर पसंत पडलं नाही, तर पदर सावरून दाराशीच बसते आणि म्हणते, "मले लवकर जाचं हाये." आम्ही तिला बाई म्हणतो. अमरावतीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये ओटा आणि संडास यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे माझ्याकडे आली की बाईला नेहमीच लवकर जायचं असतं.

तिचं घर हिवरखेडला. घरामागे भाजीचा मळा. भाऊजी गेल्यावर तो तिनेच सांभाळला. मळ्यातून उत्तरेला सातपुडा दिसतो. एकदा वांगी तोडता तोडता ती म्हणाली, "बापू, हा डोंगर मी जन्मभर खालूनच पाह्यला. वरून आपन कसे दिसत असू रे?" मी म्हटलं, नेतो तुला चिखलदऱ्याला. नेलं नाही. मग तिचं ऑपरेशन झालं आणि लघवी धरून ठेवणं तिला जमेनासं झालं. तिने गाव सोडणंच बंद केलं. सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही तेल्हाऱ्याला गेली नाही. इकडे मी साहेबांना, साडूंना, मुलांच्या मित्रांना चिखलदरा दाखवून आणत होतो आणि रविवारी फोनवर तिला "बरी आहेस ना" विचारत होतो. हे मला फार टोचायचं. म्हणून यंदाच्या फाल्गुनात मी भाड्याची एक गाडी शोधून काढली, ड्रायव्हरसकट. आत झोपायला पलंग, छोटा ओटा, शेगडी, आणि मागच्या बाजूला दार लावता येईल असा संडास. चाकांवरचं घरच. मला वाटलं, सुटला प्रश्न. मोठ्या उत्साहाने मी फोटो पाठवले.

लगेच फोन आला.

"बापू, हे काय होय?"

"गाडी आहे बाई. आत सगळं आहे."

"थेच म्हनते मी. शेगडीच्या मांगं संडास!"

"अगं, तुझ्यासाठी त्याचीच तर गरज आहे."

"मंग शेगडी काहून घेतली?"

"ती गाडीतच असते."

"असन. माह्या घरात नसते."

बरं, शेगडी नको, बाहेर जेवू म्हटलं, तर बाहेरचं तिला चालत नाही. बांधून नेऊ म्हटलं, तर चहा गार होतो. शेवटी माझ्या बायकोने, सुनीताने, तोड काढली. गाडीवाल्याला पक्की शेगडी काढून ठेवायला सांगायचं आणि आपली लहान शेगडी-सिलिंडर न्यायचं. चहा करायचा तो रस्त्याच्या कडेला, झाडाखाली. "हे चालन. सुनीताले अक्कल हाये," बाई म्हणाली. अक्कल कुणाला नाही, हे मला समजलं.

मग तिने रस्ता ठरवला. आकोटला नणंद, अंजनगावला मावसभाऊ, परतवाड्याला भाची. "तिघांच्याबी घरी उतरू. गाडीतला कोन वापरते?"

मी कपाळाला हात लावला. "मग एवढी गाडी कशाला? साधी जीप करू!"

"नाई, गाडीच पायजे. आता सांगून बसली मी साऱ्यायले."

निघालो. वऱ्हाडात कुणाच्या घरी नुसतं बाथरूमला जाऊन येता येत नाही. आकोटला पोहे झाले, अंजनगावला चहा आणि ओटी झाली. परतवाड्याच्या भाचीने आम्हाला पाहिल्यावर कणीक मळायला घेतली. चिखलदरा समोर दिसत होता आणि मी तिसऱ्या घरी पाटावर बसून वरण-पोळी खात होतो. गाडीत बसताना माझा तोल गेला.

"हे तुझं सोवळं-ओवळं आता पुरे, बाई. घाटात तुझा एकही नातेवाईक राहत नाही, सांगून ठेवतो."

"पाहू," ती म्हणाली.

घाटाची वळणं सुरू झाली आणि थोड्याच वेळात मागून आवाज आला, "बापू, गाडी थांबव. शेगडी बाहेर काढ."

शेगडी एकटी कशी निघेल? ड्रायव्हरने सिलिंडर घेतलं, मी शेगडी आणि कुकर, सुनीताने पिठाचा डबा, भांडी, चहा-साखर. बाई आत संडासात, आणि सगळा संसार कठड्याशी मांडून आम्ही बाहेर उभे. माकडं जमली. एक कार हळू झाली, काच खाली आली. "काका, चहा भेटन का?"

मी त्या माणसाला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पुढे काही वळणांनी पुन्हा तेच. आता मी चांगलाच तापलो होतो. शेगडी बाहेर आणून ठेवली, तेव्हा लक्षात आलं की मसाल्याचा डबा आतच राहिला. दाराशी जाऊन ओरडलो, "बाई, थांब! मसाल्याचा डबा आत आहे!"

"राहू दे त्याले!" आतून बाई कडाडली. "तू काहून उभा हाये तठी? दूर जाय. ड्रायव्हरलेबी घेऊन जाय."

मी तिथेच खिळलो. तो संडास म्हणजे एक पातळ फळी. तिच्या अलीकडे हातभर अंतरावर भाऊ, भावजय आणि एक परका माणूस. साठी उलटलेली बाई. "तुम्ही सगळे उतरा" असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती? शेगडी बाहेर काढायला सांगितलं की शेगडीबरोबर माणसं आपोआप बाहेर जात होती. आणि मी सकाळपासून तिला सोवळं-ओवळं ऐकवत होतो. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळणापलीकडे घेऊन गेलो.

त्यानंतर मी जरा जास्तच समजूतदार झालो. पुढचं रुंद वळण येताच बाईने काही म्हणायच्या आत गाडी थांबवली आणि शेगडी उचलली.

खिडकीला नाक लावून बसलेली बाई वळली. "आता काय झालं?"

"काही नाही. शेगडी बाहेर नेतो. आम्ही सगळेच उतरतो."

"काहून? मले काई लागली नाई."

"तरी म्हटलं..."

"लागली का मी सांगीन ना रे! ठेव थे खाली." तिने माझ्या हाताला धरून मला खिडकीशी ओढलं. "येडा होय का तू? खाली सारा मुलूख दिसून राह्यला, अन् तू शेगडी धरून उभा!"