वाळ्याचा वास

अतिदक्षता विभागाच्या प्रशिक्षणाला आलेल्या आम्हा नर्सना ट्यूटर सिस्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की एक जंतू नाकाला कळतो. हिरवट पू आणि त्याला गोडसर वास, उतरलेल्या द्राक्षांसारखा. मी ते पाठ केलं. पण नागपूरच्या मे महिन्यात वॉर्डात एकच वास असे, कूलरच्या ओल्या वाळ्याचा. तोही गोडच. बाहेरून आलेला माणूस दारातच सुखाने श्वास ओढून घेई.

कूलरसमोरच्या खाटेवर कुहीकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. धनुर्वात झालेला, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवलेली. ती खाट तिच्या आईने डॉक्टरांना विनवून मागून घेतली होती. शेजारी एक म्हातारा, तशीच नळी असलेला. त्याला भेटायला कोणी येत नसे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. मुलीच्या आईची गावाकडची बोली मला कळे, पण उत्तराला जीभ उचलत नसे. मी नुसती मान हलवायची.

एका दुपारी लाइट गेले. कूलर थांबला, वाळा सुकत आला, तरी वास जाईना. मुलीपाशी वाकले तर तो उलट दाटच झाला. मी ट्यूटर सिस्टरांना हळूच बोलावलं. त्यांनी मला नळीभोवतीचं गॉज उचलायला लावलं. खालची बाजू हिरवी होती.

लाइट आल्यावरही त्यांनी कूलर लावू दिला नाही. टाकी उपसली तर तळाशी बुळबुळीत थर. रोज वरून पाणी ओतलं जात होतं, खालचं कोणी काढलंच नव्हतं. मुलीला इंजेक्शन सुरू झालं. या जंतूला फार थोडी औषधं लागू पडतात, हेही आम्हाला शिकवलं होतं.

आई आत आली. "काहून बंद केला वं बाई? माही पोरगी उकडून राहिली."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. समजावणं हाही प्रशिक्षणाचा भाग होता. शब्द जुळवत मी सांगितलं, की या पाण्यातच रोग होता, वाऱ्याबरोबर तो तिच्या नळीत गेला असावा.

ती रिकाम्या टाकीकडे पाहत राहिली. मग पदराचं टोक मुठीत धरून म्हणाली, "रोज यातच पदर भिजवून तिचं तोंड, गळा पुसत होती मी. थंडं पानी म्हनून." शेजारच्या खाटेकडे बोट करून म्हणाली, "त्या बुढ्यालेबी पुसलं. त्याले कोनी नाही ना."

सिस्टर म्हाताऱ्याच्या खाटेकडे वळल्या. मी त्यांच्या मागे गेले. गॉज उचलायच्या आधीच वास आला.