विरजण आणि आईचा हात

पहिल्या बाळंतपणासाठी मी दादरहून गिरगावात माहेरी आले, तेव्हा आमच्या वाडीत दह्याचा दुष्काळ पडला होता. ऐन वैशाख. रात्री दूध विरजावं, झाकून ठेवावं आणि सकाळी पाहावं तर दूध जसंच्या तसं. कुणी दृष्टीला दोष दिला, कुणी सोवळ्याला, एकीने तर बिचाऱ्या नव्या सुनेला बोल लावला. परळच्या तबेल्यातून दूध घालायला येणारा गवळी हे सगळं मुकाट ऐकायचा आणि माप ओतून चालू पडायचा.

आमच्या आईचंही दही आधी फसलंच. पण तिचं विरजण तिने लग्नात माहेराहून आणलेलं. ते मोडणं म्हणजे तिच्या लेखी महापाप. पातेल्याच्या तळाशी जे काही तार सुटलेलं, चिकट सापडे, तेच ती दुसऱ्या दिवशीच्या दुधात घाली. आम्ही नाकं मुरडायचो. होता होता ते दाट होऊ लागलं, आणि एके दिवशी वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं दही लागलं. मग काय, वाडीभरच्या वाट्या आमच्या दारात. मागेल तिला आई चमचाभर विरजण द्यायची. मात्र दिवेलागणीच्या आत. त्यानंतर कुणी आलंच तर गोड बोलून परत पाठवायची. बघता बघता घरोघर दही लागू लागलं आणि आईचा भाव वधारला.

त्याच दिवसांत मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेला. त्या माशाचा काटा वाईटच. माझा थोरला भाऊ नुकताच डॉक्टर होऊन इस्पितळात लागला होता. इस्पितळात जाण्याआधी दादा रोज जंतू मारणाऱ्या बोरिकच्या भुकटीच्या पाण्याने आईची जखम धुवायचा. तिला झोंबू नये म्हणून आधी चिमूटभर भुकटी, मग थोडी जास्त, मग आणखी थोडी. पण सूज उतरेना. ती मनगटाच्या वर सरकली तसं घरातलं बोलणं कमी झालं. दादाच्या वरच्या डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं, की कोपरापर्यंत गेलं तर हात कापावा लागेल. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळायचं ते कळलं होतं.

"तुझ्या बाळाला न्हाऊ कोण घालणार?" एवढंच ती मला म्हणाली. मी पदर तोंडाशी धरून रडले.

अशात एक दिवस दादाने गवळ्याला गाठलं. दुधात काय घालतोस, म्हणून दरडावलं तेव्हा तो म्हणाला, "काय करू डाक्टरसाहेब, उन्हाचं दूध इथवर येईतो नासतं. औषधवाल्याकडची पावडर टाकतो जराशी." ती भुकटी बोरिकचीच निघाली.

दादाला चैन पडेना. माझ्या सासरी घरची म्हैस होती. तिथलं दूध आणि तिथलं विरजण त्याने मागवून घेतलं. त्या दुधात बोरिक कालवून दोन वाट्या भरल्या. एकीत सासरचं विरजण घातलं, दुसरीत आईचं. सासरच्या विरजणाचं दूधच राहिलं. आईचं मस्त लागलं. मला उगाचच अभिमान वाटला.

मग त्याने आईच्या दह्याचा थेंब काचेवर पसरला, निळा रंग दिला आणि मला इस्पितळातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. नंतर एकदम ते दिसले. इवल्या इवल्या काड्या, काही सुट्या, काही ओळीने जोडलेल्या, आणि जिथे पाहावं तिथे त्याच.

"हे सगळे जीव?"

"जीवच. पहिल्या दिवशी त्या भुकटीने यांच्यातले बहुतेक मेले असणार. जे थोडे तगले त्यांची ही प्रजा. आईने रोज नेमक्या त्यांनाच पुढे वाढवलं आणि वाडीभर वाटलं."

मी डोळा काढीना. आम्ही जेवत होतो, भांडत होतो, झोपत होतो, आणि आमच्या फडताळात केवढी पडझड होऊन एक नवं कुळ उभं राहिलं होतं. कुणाला पत्ता नाही. हात जोडावेत असं वाटलं, आणि अंगावर काटाही आला.

दादा मात्र आईच्या खोलीकडे बघत होता. "आणि मी तरी काय केलं?" तो म्हणाला. "जखमेवर भुकटी चिमूट चिमूट वाढवतच गेलो ना."

जखमेतही तेच घडलं होतं की नाही, देव जाणे. पण त्याच दुपारी त्याने जखम उघडली, पू काढला आणि आत जंतू जाळणारं कडक कार्बोलिक घातलं. आईने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. पुढे ताप उतरला, सूज मागे हटली. अंगठा कायमचा ताठला, पण हात वाचला.

ती उठून बसू लागली तेव्हा दादाने तिला दह्याची आणि जखमेची सगळी हकिकत समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"दही वाडीत गेलं ते वाट्यांतून," ती म्हणाली. "मग माझ्या हातातले ते जीव कुठे कुठे गेले असतील रे? त्यांची वाटी कोण?"

दादा हसायला गेला आणि थबकला. आईची जखम धुऊन झाली की त्याच बोरिकच्या पाण्यात तो स्वतःचे हात बुडवायचा, पुसायचा, आणि इस्पितळात जाऊन दुसऱ्यांच्या जखमा बांधायचा.

त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. शेजारीण वाटी घेऊन दारात उभी होती. तिला आत ये म्हणायचं आम्हां कुणालाच सुचलं नाही.