मुरमावरची फॉरवर्ड

मी हॉकीत गोलकीपर होते, त्यामुळं फॉरवर्ड लोकांबद्दल माझं मत मुळातच वाईट. आम्ही पॅड बांधून उन्हात शिजायचं, बॉल अंगावर घ्यायचे, आणि एक टोला हाणून मिरवायचं मात्र यांनी. म्हणून पुण्याहून एका कोचचा एका फॉरवर्ड पोरीची चौकशी करायला फोन आला, तेव्हा मनात म्हटलं, बरोबर माणसाला विचारलंय. मी उगाच गोडवे गाणार नाही.

दौंडच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते आणि ही पोरगी माझीच विद्यार्थिनी. आता चोविशीची. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडं कामाला, शिफ्ट सांभाळून मैदानावर यायची. पुण्यातल्या एका सरकारी संघात फॉरवर्डची एकच जागा निघाली होती. निवड झाली तर कायमची नोकरी. कंत्राटातून सुटायचा दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता, मलाही नाही.

"कौतुक नको मॅडम," कोच म्हणाला, "जमेच्या बाजू सांगा आणि उणिवा सांगा."

सांगितल्या. गोलची भूक दांडगी. गोलसमोरच्या डीमध्ये बॉल आला की अडवत बसत नाही, पहिल्याच स्पर्शात मारते. तिची नजर गोलकीपरच्या पायांवर असते. वजन ज्या पायावर, नेमका त्याच पायाजवळून बॉल काढते, कारण तो पाय लवकर हलत नाही. हे मी पन्नाशीत पॅड बांधून सोसलंय, त्यामुळं खात्रीनं सांगू शकले. उणिवा म्हणाल तर पास द्यायला कंजूष, बॉल गेला की मागं पळायचा कंटाळा. आणि डावीकडून आलेला बॉल उशिरा घेते. मान कलती ठेवून उभी राहते, जरा तोऱ्यातच.

"डावी बाजू काय, टर्फवर सुधारेल," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. त्यानं तिला पुण्याला, कृत्रिम गवताच्या टर्फवर ट्रायलला बोलावलं.

पण टर्फ आणायचं कुठून? आमचं मैदान मुरमाचं. ट्रायलच्या आधी सवय व्हावी म्हणून आम्ही मंडपवाल्याच्या हातापाया पडून लग्नातलं जाड हिरवं कारपेट मागून आणलं आणि गोलसमोर अंथरलं. वर बादलीनं पाणी मारलं. येणारेजाणारे विचारत होते, "बाई, लगीन कुणाचं?"

त्या कारपेटवर मी डावीकडून बॉल ढकलला. ती हललीच नाही. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. बॉल तिच्या स्टिकच्या शेजारून निघून गेला. माझं डोकं सटकलं. खडसावायला मी तिच्या डाव्या अंगानं तरातरा गेले, पार खांद्याला खांदा लागेपर्यंत, तरी तिला पत्ता नाही. खांदा लागला तशी ती केवढी तरी दचकली. ओल्या कारपेटवर माझे पायही वाजत नव्हते.

"या डोळ्यानं दिसत न्हाई बाई," ती म्हणाली. "ड्रम उघडताना उडालं डोळ्यात. नुसतं धुकं हाय."

"आणि हे कुणाला माहीत आहे?"

"कंत्राटदाराला. त्यो म्हणला, गप ऱ्हा, न्हाईतर काम जाईल."

"मग खेळतेस कशी गं?"

"मुरमावर बॉल खरखरत येतो न्हवं? कानानं कळतं."

म्हणजे मान कलती होती ती ऐकण्यासाठी. मला तो तोरा वाटला होता. मी म्हटलं, कोचला आत्ता सांगते. तिनं माझा हात धरला. "मेडिकलचं मेडिकलला बघू. आधी निवड तर होऊ द्या. कंपनीत गेलं कानावर, तर हाय तेबी जाईल. शपथ घ्या बाई." डोळा घालवणारा निवांत होता आणि शपथ आम्ही घेत होतो. तरी घेतली.

पुण्याचं टर्फ निळं, पाण्यानं चिंब. त्यावर बॉल मांजरासारखा येतो. उजवीकडून आलेल्या बॉलवर तिनं असे काही गोल केले की कोच खुर्चीतून उठला. मग बॉल डावीकडून येऊ लागले. ती मान कलती करून उभी, आणि बॉल एकामागून एक शेजारून निघून जात होते. मी कडेला कोचशेजारी उभी होते.

"गोल मारते, मान्य," कोच माझ्याकडं वळून म्हणाला. "पण बॉल बाजूनं जातोय आणि ही पाय उचलत नाही. आळशी आहे हो. इतकं नव्हतं सांगितलंत तुम्ही."

ती आळशी नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडं एकच वाक्य होतं. ते मी गिळलं.

परतीच्या गाडीत ती डाव्या खिडकीशी बसली, मला उजवीकडं बसवलं. हडपसर गेल्यावर तिनं विचारलं, "सर काय म्हणले?"

खोटं बोलवेना. "नाही घेतलं. आळशी आहेस म्हणाले."

"डोळ्याचं?"

"नाही कळलं."

तिनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं बाई. म्हणू द्या आळशी. कंपनीत तरी कळायचं न्हाई." आणि चक्क हसली.

मला रडू आवरेना. तोंड फिरवायलाही जागा नव्हती. मी तिच्या डावीकडं बसले असते, तर निदान तिला दिसलं नसतं.