गोमादादांच्या कपच्या

गोमादादा नखं दगडाने कापायचे. घरामागच्या बांधावर उकिडवे बसून ते काळ्या काचेचा एक तुकडा हातात धरत, गोट्याने त्याच्या कडेला हलकेच टोला देत, आणि ब्लेडसारखी कपची उडे. दहाही नखं कापून झाली की ती कपची मागे माळावर भिरकावून देत. त्यांच्या पत्नी सोनीवहिनी ओट्यावरून टोमणा मारत, "दुकानात नेलकटर मिलतो, पर यांना घरचा कारखाना पायजे."

"तुझा नेलकटर गंजंल गो. ह्यो गंजत नाय."

त्यांचं गाव मुरबाड तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. तरुणपणी भातसा धरणाच्या कामावर त्यांनी कातळ फोडला, पुढे जन्मभर विहिरी खणल्या. मी शहापूरचा, कॉलेजात भूशास्त्र शिकवणारा. ती काळी काच कुठे मिळते ते मला त्यांनीच दाखवलं. लाव्हा जुन्या कातळाच्या भेगेतून वर चढला की त्याची उभी भिंत होते. थंड कडेला टेकलेला लाव्हा झटकन गोठतो, त्यात स्फटिक धरायला वेळच मिळत नाही, आणि त्याची काच होते. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची नावाजलेली काच. आमची ही तिची ठिसूळ चुलत बहीण, जेमतेम बोटभर पट्टीत सापडणारी. हे शिकवायला मला एक तास लागे. दादा म्हणत, "गुळाचा पाक थंड परातीत वतला का कडंला काचंवानी होतो. तसंच हाय."

एका उन्हाळ्यात त्या माळावर मला अशा कपच्यांचा पसारा सापडला. दादा तेव्हा विहिरीच्या कामावर बाहेरगावी होते. त्यांची नखं कापायची तऱ्हा मी तोवर पाहिलेली नव्हती. आदिमानवाने इथे ज्वालामुखीच्या काचेची हत्यारं घडवली, असा लेख मी लिहायला घेतला. दादा परतल्यावर हौसेने कपच्या त्यांच्यापुढे मांडल्या. ते डोळे पुसेपर्यंत हसले.

"सर, ह्या माझ्या हायेत! तुमी उगा म्हातारं करताय त्यांना."

"मातीत पुरलेल्या होत्या, दादा."

"मग? पावसात माती व्हातेच की. आनि पुरान्या काचंला साय धरते. हिला कुटं हाय?"

साय हा शब्द त्यांचा, पण शास्त्र तेच सांगतं. अशी काच पाणी शोषते आणि हजारो वर्षांत तिच्या अंगावर एक पातळ थर चढतो. मी एक कपची घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. थर नव्हता. कडा कालच उडवल्यासारख्या स्वच्छ होत्या. लेखात ही गोष्ट मी लिहिली नाही. विसरलो नव्हतो, गाळली होती. आज हे स्पष्ट लिहितो आहे.

लेख छापून आल्यावर पुण्याहून एक तज्ज्ञ बाई माळ पाहायला आल्या. त्यांनी दादांनाच विचारलं, "बाबा, या कपच्या तुम्ही पूर्वी कधी पाहिल्यात का?" दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली.

"मी खननारा मानूस, बाई. सरांना इचारा."

बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "सर, आज मी गप बसलो. दगूड किती दिस गप बसंल?"

पुढे माझं नाव झालं. कॉलेजच्या संग्रहालयात कपच्या काचेच्या कपाटात गेल्या, खाली पाटी लागली. दादांनी विषय पुन्हा काढला नाही. पण मी गेलो आणि ते नखं कापत असले, की कपची मागे फेकून डोळा मिचकावत, "सर, आनखी एक आदिमानव उडाला." मीही हसायचो. त्यांच्या विहिरींना पाणी लागे, कारण ते कातळाच्या अंगावरची खूण आपल्या सोयीने कधी वाचत नसत. माझा धंदाही तोच होता, पण मला ते जमलं नाही.

गेल्या वर्षी दादा गेले. त्यांच्या हयातीत मी लिहायला हवं होतं, ते राहिलं, आणि ती चूक आता सुधारता येणार नाही. दिवसकार्य झाल्यावर मी कॉलेजला पत्र पाठवलं आणि गाळलेली गोष्ट तपशिलाने कळवली. लेख छापणाऱ्यांनाही तेच लिहिलं. कॉलेजचं उत्तर आलं, "आपल्या वयाचा मान राखून कपच्या गुपचूप काढून टाकतो."

मी जाऊन सांगितलं, "काढायच्या नाहीत. पाटी बदला." दोन खेपा घातल्यावर ती बदलली.

परवा सोनीवहिनींना घेऊन गेलो. त्यांना वाचता येत नाही. कपाटाला नाक टेकवून त्या म्हणाल्या, "काय लिवलंय, वाचा."

मी वाचलं, "ज्वालामुखीच्या काचेच्या कपच्या. काळ: आजचा. करणारे: गोमाजी पांडू, विहीर खणणारे."

त्यांनी पदर सावरला. "परत वाचा," म्हणाल्या.

मी परत वाचलं.